बायसाठी थेरपिस्ट शोधला त्याची सगळी हकीकत

लिहायच्या आधी बायला विचारलं. ती म्हणाली, लिही वहिनी, पण माझ्या हातांबद्दल जास्त लिहू नको आणि मुंबईतल्या त्या एका रात्रीबद्दल तर अजिबात नको. तेवढं सोडून बाकीचं लिहितेय, लिहून झाल्यावर तिने वाचलंय आणि दोन ठिकाणी खोडलंय, ते तसंच ठेवलंय.

बाय म्हणजे माझी नणंद. आमच्याकडे घरातल्या मुलीला बायच म्हणतात म्हणून इथेही तेच. आता २६ वर्षांची आहे. तिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, म्हणजे भावना आणि नाती सारखी टोकाला जातात असा मनाचा आजार. गाव देवगड तालुक्यात, हापूसची बाग, समुद्र चालत दहा मिनिटांवर, आणि मोठं हॉस्पिटल म्हणाल तर एसटीने दोन-अडीच तास. मी प्राथमिक शाळेत शिकवते, मूळची चिपळूणची, मानसशास्त्र वगैरे शिकलेली नाहीये. हे लिहितेय कारण २०२३ साली रात्र रात्र मोबाईलवर शोधत होते तेव्हा मराठीत लक्षणांच्या याद्या सापडल्या पण माणूस कसा शोधायचा, फोनवर काय बोलायचं, कोण नाही म्हणतं आणि का म्हणतं, हे कुठेच सापडलं नाही.

आधी काय काय झालं

बाय लहानपणापासून तापट, असं घरात म्हणायचे. पण ते नुसतं तापट नव्हतं. मैत्रीण झाली की ती जगातली सगळ्यात चांगली, आणि तिने एक दिवस फोन उचलला नाही की ती सगळ्यात वाईट, आणि मग स्वतःच वाईट, आणि मग खोलीचं दार बंद. दोन तासांनी बाहेर येऊन हसत जेवायला बसायची आणि आम्ही सगळे अजून थरथरत असायचो. विचारलं काय होतं गो तुला, तर म्हणायची आत काहीच नसतं, पोकळ वाटतं, नुसतं पोकळ. ही पोकळी लक्षणांच्या यादीत असते हे मला नंतर कळलं, तेव्हा वाटायचं मुलीला कामधंदा नाही म्हणून.

मुंबईला नोकरी लागली, हॉस्टेलवर राहिली, दीड वर्षात चार नोकऱ्या बदलल्या, आणि २०२२ च्या जुलैत तिचा भाऊ म्हणजे माझा नवरा तिला घेऊन आला. तेव्हा काय झालं होतं ते घरच्यांनी डॉक्टरलासुद्धा नीट सांगितलं नाही, कारण पोलीस केस होईल ही भीती. खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे, ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तिच्यात जीव द्यायचा प्रयत्न गुन्हा धरणारं ते जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. ते ११५ कलम तरी त्या रात्री आम्हाला कोणी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते, कारण डॉक्टरपासून लपवलं की डॉक्टरचं निदानही अर्धवटच होणार.

सासूबाईंनी देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. त्यात मला वाईट काही वाटत नाही, त्यांच्या जिवाला तेवढाच आधार. 'बायेक बाहेरचा काय तरी लागला हा' म्हणून एका भगताकडेही नेलं, तिथून आल्यावर मात्र बाय दोन दिवस बोलली नाही. मग एका डॉक्टरांनी डिप्रेशन म्हटलं, दुसऱ्यांनी बायपोलर, प्रत्येकाने गोळ्या वाढवल्या, जुन्या कोणीच बंद केल्या नाहीत, शेवटी पाच गोळ्या झाल्या. एका काउन्सेलरकडे चार वेळा गेलो, बाय त्यांच्यावर फार विसंबली, दिवसाला वीस वीस मेसेज करायला लागली आणि त्यांनी एक दिवस काही न सांगता नंबर ब्लॉक केला. मी त्यांना दोष द्यायला हे लिहीत नाहीये, त्यांना हे पेलवलं नाही. पण ज्या मुलीचा सगळा आजारच 'मला सोडून जातील' या भीतीभोवती फिरतो तिला असं सोडल्यावर काय होतं ते आम्ही घरात पाहिलंय.

निदानाचा कागद

जानेवारी २०२३ मध्ये सरकारी ओपीडीत एक सायकिअॅट्रिस्ट मॅडम भेटल्या. गर्दी असूनही त्यांनी आम्हाला शेवटी बसवलं आणि तासभर विचारलं, आधी बायला एकटीला, मग मला. मूड किती वेळ टिकतो हे त्यांनी चार-चारदा विचारलं. बायपोलरमध्ये तो चढउतार बहुतेक दिवस किंवा आठवडे चालतो, बायचा मात्र तासांत बदलायचा आणि जवळपास दर वेळी कोणाच्या तरी वागण्यावरून. त्यांनी सांगितलं, नऊ लक्षणं असतात, त्यातली पाच असली की निदान करतात, हिची सात आहेत.

कागदावर लिहिलं होतं एफ ६०.३, इमोशनली अनस्टेबल पर्सनॅलिटी डिसऑर्डर. घरी येऊन शोधलं तर सगळीकडे बॉर्डरलाइन, बॉर्डरलाइन, मला वाटलं हे वेगळं काहीतरी. चार दिवस त्यातच गेले. मग कळलं, आजार एकच, नाव कुठल्या पुस्तकातलं घेतलंय एवढाच फरक. आपल्या सरकारी दवाखान्यात आयसीडी वापरतात, अमेरिकेत डीएसएम. थेरपिस्टला फोन करताना दोन्ही नावं सांगायची, एकच सांगितलं तर समोरचा कधीकधी गोंधळतो.

मॅडमनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, या आजारावरची अशी खास गोळी नाही, गोळ्या असतात त्या सोबतच्या डिप्रेशनसाठी, झोपेसाठी, खरा उपचार थेरपी. पुढे आठ महिन्यांत त्यांनी पाचाची एक गोळी केली, हळूहळू, प्रत्येक वेळी बोलावून (हे स्वतःच्या मनाने कोणी करू नका). दुसरं, घरातली फवारणीची औषधं आजच्या आज बाहेर काढा. आंब्याची बाग म्हणजे पडवीतच डबे असतात. माझ्या नवऱ्याने त्याच संध्याकाळी ते सगळे चुलतसासऱ्यांच्या मांगरात (म्हणजे बागेतल्या कौलारू खोपीत) नेऊन कुलूप लावलं, किल्ली त्यांच्याकडे. श्रीलंकेत जास्त विषारी कीटकनाशकं बंद केल्यावर आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं हे मी नंतर वाचलं आणि आपल्या दहा-बारा डब्यांचं महत्त्व तेव्हा कळलं. फवारणीच्या घरात कोणी असं असेल तर थेरपिस्ट नंतर शोधा, आधी हे करा.

सासूबाईंना निदान सांगितलं तर म्हणाल्या, 'माझ्या चेडवाक येड लागला नाय.' मी म्हटलं आई, वेड नाहीच म्हणत कोणी. बायने मात्र तो कागद तीनदा वाचला आणि म्हणाली, म्हणजे हे नाटक नाहीये ना वहिनी? सगळे म्हणायचे नाटक करते.

शोध

मॅडमनी तीन थेरप्यांची नावं लिहून दिली, डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी (भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी), एमबीटी म्हणजे मेंटलायझेशन बेस्ड ट्रीटमेंट, आणि स्कीमा थेरपी. म्हणाल्या यातलं काहीही नीट शिकलेला माणूस चालेल, पण दोन-चार महिन्यांत आटपणारं कोणी सांगत असेल तर तिकडे जाऊ नका, वर्ष धरून चाला.

डीबीटीबद्दल वाचताना मला धीर आला तो मार्शा लिनेहान यांच्यामुळे. या अमेरिकन बाईंनी ही थेरपी तयार केली, १९९१ मध्ये पहिली मोठी चाचणी छापली, आणि २०११ मध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की मी स्वतः सतरा वर्षांची असताना हॉस्पिटलात होते, स्वतःला इजा करायचे. बायला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही पण त्यांचा फोटो तिने मोबाईलमध्ये ठेवला.

मग मी वही केली. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी, कोल्हापूर, गोवा, पुणे, ठाणे, मुंबई, मिळेल तिथून नावं. २३ नावं झाली. मार्च ते मे, म्हणजे ऐन आंब्याच्या दिवसांत, घरात पेट्या भरायचं काम चालू आणि मी शाळा सुटली की वरच्या माडीवर रेंज येते त्या खिडकीत बसून फोन करायचे. आठ जणांनी फोन उचलला नाही की परत केला नाही. सहा जण सरळ म्हणाले आम्ही पर्सनॅलिटी डिसऑर्डर घेत नाही. चार जणांकडे जागा नव्हती. दोघी इंग्रजी-हिंदीतच बोलणाऱ्या, आणि बायला रडू आलं की मालवणीच येते. उरले तीन.

इथे माझी चूक सांगते, या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी. सुरुवातीला मी बायला प्रत्येक फोनचं सांगायचे. एक मॅडम मिळतील असं वाटतंय गो, चांगल्या बोलल्या. दोन दिवसांनी त्या मॅडमचा मेसेज आला की जमणार नाही, आणि तो मी तिला वाचून दाखवला. त्या रात्री अडीच वाजता आम्ही १४४१६ ला फोन लावला, टेलिमानस, सरकारची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, फुकट आणि चोवीस तास. मराठीत बोलणारी बाई मिळाली, पाऊण तास बायशी बोलली, ती रात्र निघाली. पण दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की मला जो एक साधा नकार वाटतो तो हिला परत एकदा कोणीतरी दार लावल्यासारखा लागतो, आणि मी तर तिला आठवड्याला दोन-तीन दारं लावून दाखवत होते.

म्हणून पद्धत बदलली. खोटं बोलायचं नाही, तिला कळतंच. तिला सांगितलं, मी शोधतेय, नाव तेव्हाच सांगेन जेव्हा समोरचा पहिल्या भेटीला हो म्हणेल. आणि नकार येतात ते जागा नाही, ट्रेनिंग नाही म्हणून, तुझ्यामुळे नाही, त्यांनी तुला पाहिलेलंच नाहीये. हे शेवटचं वाक्य तिने तिच्या मोबाईलवर लिहून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट बदलली ती माझं फोनवरचं बोलणं. आधी मी घाबरलेली असायचे, पहिल्याच वाक्यात सगळं ओतायचे, हात, गोळ्या, मुंबई, भगत, आणि समोरचा गप्प व्हायचा. मग सायकिअॅट्रिस्ट मॅडमकडून एक पानाचं पत्र घेतलं, निदान, औषधं, आधीचे धोके, त्यांचा नंबर. फोनवर पहिल्यांदा हे सांगायचं की सायकिअॅट्रिस्ट आहेत, महिन्याला भेटतो, घरातली औषधं आणि फवारणीचे डबे कुलपात आहेत, घरात एक माणूस कायम सोबत आहे, मध्यरात्री काही झालं तर कुठे जायचं ते ठरलंय, आणि मग आजाराचं नाव. उत्तरं बदलली. मला तोवर कळलंच नव्हतं की थेरपिस्टही घाबरतात, पेशंटला नाही, तर एकटं पडायला. लांब कुठेतरी खेड्यात मुलीने काही करून घेतलं तर मी इथे बसून काय करू, हा त्यांचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे.

तिसरं म्हणजे मीही विचारायला शिकले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याचं नाव रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया (आरसीआय) या सरकारी संस्थेच्या रजिस्टरमध्ये असतं, तो नंबर मागायचा, मागितल्यावर चांगला माणूस रागावत नाही. काउन्सेलर हा शब्द कोणीही पाटीवर लिहितो त्यामुळे तिथे शिक्षण काय, ट्रेनिंग कोणाकडे, हे विचारावंच लागतं. या आजाराचे किती पेशंट वर्षभर तरी टिकले? तुम्ही स्वतः अडलात तर कोणाला विचारता? रात्री फोन चालतो का, कुठवर? रजेवर गेलात तर काय? आणि एकजण म्हणाले आम्ही डीबीटी करतो, तर मी विचारलं पूर्ण की त्यातलं थोडं? कारण पूर्ण डीबीटीत चार भाग असतात, एकटीचं सेशन, कौशल्यं शिकायचा ग्रुप, अडचणीच्या वेळी फोन, आणि थेरपिस्टांची आपसातली टीम. ते प्रामाणिकपणे म्हणाले की ग्रुप आमच्याकडे नाही, फक्त वर्कशीट्स देतो. मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला पण आम्ही पुढे गेलो.

शेवटी ठरल्या त्या मुंबईच्या एक ताई, ऑनलाइन, मराठी बोलणाऱ्या, डीबीटी शिकलेल्या, टीम असलेल्या. फी एका सेशनला १,५०० होती, आम्ही आमची परिस्थिती सांगितली तर ९०० केली. विचारायला लाज वाटली होती, पण विचारलं नसतं तर दोन महिन्यांत पैसे संपून थांबावं लागलं असतं आणि मग ते परत सोडून जाणंच झालं असतं.

मांगरातली थेरपी

पहिल्या भेटीत ताईंनी घराचा पत्ता, जवळच्या हॉस्पिटलचं नाव, माझा आणि शेजारच्या काकांचा नंबर लिहून घेतला. मग नियम सांगितले. त्यातला एक ऐकून माझा नवरा भडकलाच. स्वतःला इजा करावीशी वाटली तर आधी फोन कर, कधीही, पण केल्यानंतर २४ तास मी फोनवर थेरपीचं बोलणार नाही, जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तो म्हणाला ही कसली डॉक्टर, गरज असताना बोलणार नाही. ताईंनी शांतपणे समजावलं की इजा केल्यावर माया मिळते आणि आधी मिळत नाही असं झालं तर इजाच शिकली जाते, मला तिला आधी हाक मारायला शिकवायचंय. बाय लगेच समजली, आम्हाला महिना लागला.

दुसरा नियम, ओळीने चार आठवडे सेशन चुकलं तर थेरपी बंद. आणि आमची सुरुवात जूनमध्ये, म्हणजे वारा-पाऊस, झाडं पडणार, लाईट जाणार, टॉवर बंद. तिसऱ्याच सेशनला बाय रडत काहीतरी सांगत होती आणि स्क्रीन काळी झाली. ती म्हणाली त्यांनी कट केला. अर्धा तास तिला समजावणं कठीण गेलं. पुढच्या वेळी ताईंनी यावरच पूर्ण सेशन घेतलं आणि तिघांनी मिळून लिहून ठेवलं की व्हिडिओ तुटला तर साधा फोन, तो नाही लागला तर एसएमएस, 'लाईट गेली', आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता आपोआप भेट, कोणी कोणाला विचारायचं नाही. लाईटमुळे चुकलेलं गैरहजेरीत धरायचं नाही. ऑनलाइन घेणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी ठरवावं असं मी अगदी मनापासून सांगेन.

घरात एकांत नव्हता. माडीवर बोललेलं खाली पडवीत ऐकू येतं. म्हणून आमच्या बागेतला मांगर (डबे ठेवलेला नव्हे) साफ केला, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर फळी टाकून टेबल, एक बॅटरी, आणि तिथे दर गुरुवारी चार वाजता बाय. शेजारच्यांनी विचारलं तर ऑनलाइन कोर्स करते म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं, आठवड्याचा ग्रुप म्हणजे वर्गच असतो, गृहपाठासकट.

शिकली काय? पहिले काही महिने लहानपण वगैरे काढलंच नाही, आधी जिवंत राहणं, मग थेरपीला टिकणं, मग बाकी, असा क्रम असतो. भडका उडाला की तोंड गार पाण्यात बुडवून श्वास रोखायचा, त्याने हृदयाचे ठोके उतरतात (ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारूनच). आमच्या विहिरीचं पाणी तेवढं गार नसतं म्हणून फ्रीजमधला बर्फ घालायची. रोजचं कार्ड भरायची, भावना किती, इजा करायची इच्छा किती, शून्य ते पाच. काही घडलं की साखळी काढायची, आधी काय झालं, त्याच्या आधी काय, झोप झाली होती का, जेवली होतीस का. अशा साखळ्या काढता काढता दिसलं की तिचे निम्मे भडके उपाशी असतानाचे होते.

आणि आम्ही शिकलो. सासूबाई आधी म्हणायच्या, 'एवढा काय झाला गो?' ताईंनी एकदा घरच्यांना बोलावलं आणि सांगितलं की बरोबर-चूक नंतर ठरवा, आधी तिला जे वाटतंय ते दिसतंय एवढंच बोला. त्या वर्षीच्या चतुर्थीला घरात चौदा माणसं, मुंबईची एक आते बायला लग्नावरून बोलली, बाय ताट टाकून उठली, आणि सासूबाई मागोमाग जाऊन दाराबाहेरून म्हणाल्या, 'तुका राग इलो हा, ता माका दिसता. मी हयच बसलंय.' बसल्या खरंच, पाऊण तास, आरती चुकली तरी. दार उघडलं तेव्हा बायच्या हातावर काही नव्हतं.

सगळं सरळ झालं असं नाही. २०२४ च्या शिमग्यानंतर एक मोठा प्रसंग झाला, तीन दिवस हॉस्पिटल. या वेळी मात्र डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. मला वाटलं संपलं, ताई सोडतील. त्यांनी २४ तास थांबून फोन केला आणि म्हणाल्या गुरुवारी चारला आहे ना आपलं. त्यानंतर तसं झालेलं नाही. अमेरिकेतल्या मॅकलिन हॉस्पिटलने अशाच २९० पेशंटांना वर्षानुवर्षं पाहिलं, दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी उतरलेली राहिली, पण कामधंदा, नाती, सगळं नीट बसलेले साधारण निम्मेच. दोन्ही आकडे मी घरात सांगितले. नवऱ्याला पहिला ऐकायचा होता, मला दुसराही.

आता बाय देवगडला एका दुकानात हिशोब बघते, चौदा महिने झाले त्याच नोकरीत.

सध्या

मागच्या महिन्यात ताईंनी सांगितलं की त्या बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहेत. तीन महिने आधी सांगितलं, तारीख सांगितली, पाच नावं दिली, आणि म्हणाल्या हवं तर शोधतानाची सेशन्स आपण त्यावरच घेऊ. बाय तीन दिवस रडली, कार्डावर पाचापैकी पाच लिहिलं. चौथ्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली वहिनी, तुझी ती वही दे.

माडीवरच्या खिडकीत बसून फोन तिनेच केले. मी खाली भाकऱ्या थापत होते, ऐकू येत होतं. 'नमस्कार, मला बॉर्डरलाइनचं निदान आहे, एफ ६०.३, अडीच वर्षं डीबीटी झालंय, तुमचा आरसीआय नंबर मिळेल का?' पहिल्या दोघांनी नाही म्हटलं. तिने वहीत लिहिलं, जागा नाही, जागा नाही, आणि तिसरा नंबर लावला. त्या बाई पहिल्या भेटीला हो म्हणाल्यात, येत्या गुरुवारी. पाऊस आलाय, मांगराचं एक कौल फुटलंय, तेवढं तोवर बदलून घ्यायचंय.